सकाळ-संध्याकाळ कोंडा

"कोंडेबाई, चाललो बघा मी," ज्ञानू सुतार स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, आणि मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

बघायला वेळच नव्हता. केंद्राला देणगी देणारी मंडळी दुपारी जेवायला यायची होती. मदतीची बाई नेमकी त्याच दिवशी आली नव्हती, आणि मी एका हाताने शिरा परतत दुसऱ्या हाताने ताटं लावत होते. माझं खरं नाव प्रभा वाळिंबे. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या लहानशा व्यसनमुक्ती केंद्रात मला त्या नावाने कुणी हाक मारत नसे. दारू सोडायला आलेल्या माणसांच्या खाण्यापिण्याचं बघणं हे माझं काम, आणि पीठ चाळून कोंडा टाकू नका हे माझं रोजचं तुणतुणं. येईल त्याच्या बायकोला, आईला मी हातात चाळणी घेऊन ऐकवायचे. दारूनं आतड्याचं चिरगूट झालंय, लिव्हर थकलंय. पोट तुंबून राहिलं तर आतलं विष रक्तात उतरतं, रक्तातून डोक्यात चढतं, आणि माणूस थेंबभर न घेता प्यायल्यासारखा बरळायला लागतो. तेव्हा भाकरी कोंड्यासकट करा, वर दोन वेळा चमचाभर कोंडा ताकात कालवून द्या, पालेभाजी द्या, पाणी द्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. घरच्या धन्याला म्हशीचं खाणं घालायचं म्हणजे काय! ज्ञानूनं तर पहिल्याच आठवड्यात माझं बारसं केलं, आणि सगळं केंद्र मला कोंडेबाई म्हणायला लागलं.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ज्ञानू चाळिशीचा, हडकुळा, बोलायला मोठा मिश्कील. आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे आणि पोटात पाणी. अडीच महिन्यांत त्यानं दारू तर सोडलीच, वर केंद्राची कुरकुरणारी सगळी दारं-खिडक्या ठाकठीक करून दिली. डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं की ही शेवटची संधी, पुन्हा बाटलीला हात लावलास तर इथं येऊ नकोस, सरळ वर जा. तो हसला होता. मला मात्र एकदा भाजी निवडताना खरं बोलला. त्याच्या वाडीत गुत्ता घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी उघडतो, दुपारी बंद, दिवेलागणीला परत उघडतो.

"बाई, दिवसभर मी माणूस असतोय," तो म्हणाला. "सकाळ आणि सांज, ह्या दोन वक्ताला माझं पाय माझं नसत्यात."

मी "हं" म्हटलं आणि मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली.

तर त्या दिवशी त्याची बायको कलावती त्याला न्यायला म्हणून पहिल्यांदाच केंद्रात आली होती. बारीक चणीची, तरतरीत बाई. तिला बाराची एसटी गाठायची होती. घरी काय करायचं ते लिहून द्या म्हणाली. छापील कागद संपले होते. एरवी मी प्रत्येकीला बसवून, चाळणी दाखवून समजावायचे, पण त्या दिवशी शिरा खाली लागत होता. किराणाच्या यादीची कोरी बाजू घेतली आणि उभ्याउभ्या खरडलं: "सकाळ-संध्याकाळ कोंडा. पाणी भरपूर. विसरू नका." कागद तिच्या हातात कोंबला. ती तिसरीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडत वाचणारी. ती वाचेस्तोवर मी पुन्हा शेगडीकडे वळले होते.

शिरा चांगला झाला. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला.

चार आठवड्यांनी आमची जीप घरी गेलेल्या माणसांची विचारपूस करायला निघाली. हसनभाई गाडी चालवायचे, मी पुढे बसलेली. ज्ञानूच्या वाडीत पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. कलावती सोप्यात गव्हाचं पीठ चाळत बसली होती. खाली अंथरलेल्या कागदावर पीठ मैद्यासारखं पांढरंफेक, आणि बाजूला म्हशीच्या पाटीत कोंडा. ते बघून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. एवढं सांगून हिनं शेवटी केलं ते केलंच, असं वाटलं. सांगितलं होतं कुठे, हे तेव्हा आठवलं नाही.

मला बघताच ती उठली आणि रडायलाच लागली.

तिचं म्हणणं असं. पहिले एकवीस दिवस सोन्यासारखे गेले. मग ज्ञानू सुस्तावला. दिवसा झोपायला लागला, बोलताना जीभ जड, आणि परवापासून तर साफ बरळतोय. तिला लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या नावानं हाक मारतो, अंथरूण ओलं करतो. पंधरा वर्षं प्यायलेला माणूस बघितलेली बाई ती. तिला काय कळायचं राहतंय? आत बसून पितोय. आणि देणारं दुसरं कुणी नाही, त्याची आईच. तानूबाईला खिडकीपाशी तिनं मुद्देमालासकट धरलं होतं. खिडकी उंच. म्हातारी दगडावर चढून तांब्या आत द्यायची आणि रिकामा परत घ्यायची. तांब्याचा वास घेतला तर आंबूस. विचारलं, काय दिलंत लेकाला? तर म्हातारी निर्लज्जासारखी म्हणते, कोंडा.

"म्हटलं, कोंडलंयच की त्यास्नी! तुमच्या नाकावर टिच्चून कोंडलंय! मी काय दिलं म्हणून इचारती, आणि ही म्हातारी मलाच चिडवती, कोंडा, कोंडा." तिनं नाक पुसलं. "त्याच दिवशी खिडकीला फळ्या ठोकल्या, दुपारचं बी कोंडाय लागले. तरी बी कुटनं घेत्यात देव जाणे."

मला काही कळेना. नवऱ्याला कोंडलंय म्हणजे काय? मी विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"चेष्टा करताय व्हय बाई? तुम्हीच की लिवून दिलंय."

ती आत गेली आणि देवाच्या फोटोमागून कागद काढून घेऊन आली. हळदकुंकू लागलेला. माझं अक्षर. सकाळ-संध्याकाळ कोंडा. पाणी भरपूर. विसरू नका.

"एक दिस बी इसरले न्हाई," कलावती म्हणाली. "रोज दोन्ही वक्ताला कोंडलं. पाण्याची घागर आत ठेवली. पयल्यांदा जीव हुईना माझा. पर त्यांनीच धीर दिला. म्हनले, बाईंनी लिवलंय ते बरोबर लिवलंय, तू कोंड. कडी बी त्यांनीच बसवली."

कडी दाराला बाहेरून होती. पितळेची, नवी, चार स्क्रू एका ओळीत बसलेले. हात असलेल्या कारागिराचं काम होतं ते. मी तो कागद घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला. का टाकला ते मला आजही नीट सांगता येत नाही. म्हणजे येतं. लपवायला टाकला.

तिनं कडी काढली. खोलीत अंधार आणि कोंदट वास. ज्ञानू भिंतीला टेकून बसला होता. मी हात पुढे कर म्हटलं. त्यानं केले, आणि मनगटापासून दोन्ही हात फडफडायला लागले, पाखराचे पंख फडफडावेत तसे. तोंडाला गोडसर, नासक्या फळासारखा वास. तो दारूचा नव्हता. मी केंद्रात असे दोन पाहिले होते. वार विचारला तर त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. परसाकडे कधी झाली, ते कलावतीला विचारलं. तिनं बोटं मोजली. खिडकीला फळ्या ठोकल्या त्याला सात दिवस झाले होते, आणि साधारण तेवढेच.

"केवढं मायेनं करून घालती बाई," ती म्हणाली. "वस्त्रगाळ पिठाच्या चपात्या. इतक्या दिसांनी माणूस घरला आलंय."

हसनभाईंनी आणि मी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. म्हातारी गोठ्याच्या मेढीला धरून उभी होती. ती काहीतरी बोलली, पण तिला ऐकू कमी, बोलणं त्याहून कमी, आणि मला थांबायचं नव्हतं. वाटेत त्याचं डोकं कलावतीच्या मांडीवर होतं. घाटाच्या अलीकडे त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे रोखून बघितलं. ओळखलं त्यानं मला.

"कोंडेबाई," तो म्हणाला, "म्यां घेतलेली न्हाई."

कलावतीनं तोंड बाहेर फिरवलं. मी त्याचा हात धरला आणि "मला माहीत आहे" असं म्हणायला तोंड उघडलं, पण ती ऐकत होती. ती लगेच विचारणार, मग हे असं कशानं? मी त्याचा हात नुसताच चोळत राहिले.

मोठ्या दवाखान्यात तो तीन दिवस होता. डॉक्टर भले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दारूचा मागमूस नाही, पोट तुंबून डोक्यात गेलंय. मी विचारलं, पोट साफ राहिलं असतं तर? ते म्हणाले, अशा लिव्हरचं काही सांगता येत नाही, पण आज तरी हा इथं नसता. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू गेला.

कलावती बाहेर बाकावर बसली होती. रडून रडून कोरडी झालेली. मी शेजारी बसले. तिनं मला एकच प्रश्न विचारला.

"बाई, खरं सांगा. घेतलीच हुती नव्हं त्यांनी?"

नाही, एवढाच शब्द होता. तो म्हटला असता तर मागोमाग पर्स उघडून कागद काढावा लागला असता. माझी नोकरी, माझं नाव, कोंडेबाई म्हणून मिळवलेला तो सगळा मान माझ्या डोळ्यांपुढून गेला. आणि त्याहून मोठी भीती ही की ही बाई माझ्याकडे कशी बघेल.

"लिव्हरच गेलं होतं, कलावती," मी म्हटलं.

"म्हंजे घेतली हुती," ती म्हणाली, आणि मान हलवली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. आता राग धरायला तिला माणूस होता.

त्या रात्रीपासून झोपेचं जे खोबरं झालं ते आजतागायत. डोळा लागला की कडी सरकल्याचा आवाज येतो. आधी वाटायचं शेजारचं दार. मग शेजार बदलला, गाव बदललं, आवाज तोच राहिला. त्याला मी सरावले नाही, सरावता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा वाडीला गेले. सगळं सांगून टाकायचं असं मनाशी पक्कं करून गेले होते, हे मात्र खरं. एसटीतून उतरले तर गोठ्यापाशी तानूबाई दिसली. म्हशीशेजारी एक फाटकी वाकळ, एक थाळी, एक तांब्या. सुनेनं तिला घराबाहेर काढलं होतं. भाकरी वेळेवर आणून ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही.

म्हातारीनं मला ओळखलं. हाताला धरून खाली बसवलं आणि कानाशी तोंड आणून, स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलायला लागली. मी घाबरून घराकडे बघितलं. कलावती नदीला धुणं घेऊन गेली होती.

ज्ञानू घरी आला त्याच दिवशी बायकोनं कागद वाचला, तेव्हा तो खदखदून हसला होता. आईला गोठ्यात येऊन म्हणाला, कोंडेबाईंनी खायचा कोंडा लिवलाय गं, आणि कली वाचती की मला कोंडा. म्हातारी म्हणाली, मग सांग की तिला. तर त्यानं मान हलवली. म्हणाला, नको. तिला तसंच वाचू दे. मला कोंडून घ्यायलाच पायजे हुतं, पर बायकोला सांगायला लाज वाटत हुती. बाईंच्या कागदानं परस्पर काम झालं. महिनाभर कोंडून घेतो, पाय ताब्यात आले की सांगतो तिला आणि दोघं मिळून हसू. तवर तू मला खिडकीतनं कोंडा देत जा, ताकात कालवून. बाई म्हनल्यात, त्याबिगर विष डोक्यात चढतं.

मग म्हातारी धरली गेली. तेव्हा तरी त्यानं का सांगितलं नाही, मी विचारलं.

"खिडकीतनंच म्हनला, आणि आठ दिस, आई. तेवढं सोस. मग सांगतो कलीला." म्हातारीनं माझा हात सोडला नाही. "ती फळ्या ठोकाय लागली तवा मी वरडून सांगितलं, कोंडा हाय, कोंडा हाय. तिला वाटलं मी टोचून बोलती. तू सांग तिला. तू शिकल्याली हाईस. तुझं ऐकंल ती."

मी सांगते म्हटलं. शपथ घेतल्यासारखं म्हटलं.

कलावती आली. तिनं मला घरात नेलं, चहा टाकला. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि कडी तशीच होती, पितळेची, चकचकीत. ती म्हणाली, बाई, तुमचं उपकार कसं फेडू? तुम्ही बरोबर लिवलं हुतं. पहिलं एकवीस दिस माझा संसार कसा असतो ते मला बघाय मिळालं, ते तुमच्या कागदापायी. म्हातारीनं घात केला. तो कागद कुटं गावंना, न्हाईतर मी फोटोसंगं ठेवला असता.

कागद माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. मी चहा प्यायले. साखर जास्त झाली होती. दोनची एसटी आहे असं म्हणून उठले आणि गोठ्याकडे न बघता रस्त्याला लागले.

हे घडलं त्याला मोप वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं म्हातारी जगली. दर सहा महिन्यांनी हसनभाई त्या बाजूला जायचे आणि येऊन सांगायचे, म्हातारी गोठ्यातच आहे. मी बरं म्हणायचे. त्या अकरा वर्षांत मी शेकडो बायकांना चाळणी दाखवली, पण कोंडा हा शब्द कागदावर पुन्हा लिहिला नाही. पीठ चाळू नका, असं लिहायचे. नव्या पोरांनी मला कोंडेबाई म्हटलं की अंगावर काटा यायचा. त्यांना वाटायचं, बाई वयाबरोबर तिरसट झाल्या.

मग एकदा हसनभाई म्हणाले, तानूबाई गेली. आणि मला धीर आला. हेही लिहून ठेवते, कारण हे सर्वांत वाईट आहे. जिला तोंड दाखवायची लाज वाटत होती ती उरली नाही, म्हणून मला धीर आला.

कलावती आता पिकली होती. दारात तीच चाळणी, तेच पांढरंफेक पीठ. मी बसले नाही. उभ्यानंच पर्समधून कागद काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, शिऱ्यापासून. तो प्यायला नव्हता. म्हातारीनं दारू दिली नव्हती. तांब्यात कोंडा होता. तो हाच कोंडा, तुझ्या पाटीतला. मी लिहिलं होतं ते हे. ज्ञानूला माहीत होतं. मला तर जीप घेऊन आले त्या दिवसापासून माहीत होतं.

ती कागदाकडे बघत राहिली. ओठ हलत होते. अजून अक्षराला अक्षर जोडूनच वाचत होती. मग तिनं चाळणीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. मला वाटलं आता ही माझ्या अंगावर धावून येईल. यावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"म्हातारी अकरा वर्सं बोलली न्हाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी बी न्हाई. शेवटच्या दिशी पाणी पाजाय गेले, तर माझा हात धरला आणि एकच बोलली. कोंडा."

तिनं पाटीतला चिमूटभर कोंडा उचलला.

"मी म्हटलं, आता आणि कुणाला कोंडू, आत्या?"

तिनं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. पिठाची परात उचलून आत नेली, कोंड्याची पाटीही नेली. मी अंगणात उभीच होते. मग खोलीचं दार लागल्याचं ऐकू आलं, आणि मी सोप्यात धावले. ती पितळी कडी बाहेरच्या बाजूला तशीच लोंबत होती. कलावतीनं आतून कशाचा तरी आडणा लावला, आणि मी कितीही हाका मारल्या तरी उघडला नाही.